बिनधुराचा पाईप

सासऱ्यांच्या पाईपवर मी बसलो तेव्हा भारताला अकरा चेंडूंत चौदा धावा हव्या होत्या. हे मी सबब म्हणून सांगत नाही, फक्त त्या क्षणी माझं लक्ष कुठे होतं ते सांगतो. पाणी प्यायला उठलो, ओरडा ऐकून धावत आलो आणि दिसेल त्या जागी टेकलो. ती जागा माझी नव्हती. सोफ्याचा उजवा कोपरा सासऱ्यांचा. ते हात धुवायला गेले होते आणि जाताना पाईप तिथे ठेवून गेले होते. खालून ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं, दांडी उडाली. दांडी खरंच उडाली होती, पण पाईपची.

सासरे परत आले तेव्हा माझ्या डाव्या हातात पाईपची वाटी होती आणि उजव्या हातात दांडी. त्यांनी आधी डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे.

“असू द्या, जावईबापू,” ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. ‘असू द्या’ म्हणून गॅलरीत बसणाऱ्याचं काय करायचं? सामना आपण हरलो की जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.

यातली जास्त बोचणारी गोष्ट अशी की, पाईप हाच माझा पोटापाण्याचा विषय आहे. सिन्नरच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाचे पाईप बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं डिस्पॅचला आहे. सोळा मिलिमीटरपासून पुढे म्हणाल त्या मापाचा पाईप मी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात चार दिवसांत पोचवतो. वाटेत एकही मोडत नाही. आणि घरातला एकुलता एक पाईप मी सोफ्यावर बसून मोडला.

तो पाईप साधा नव्हता. माझे सासरे खंडेराव मूळचे देवळ्याचे, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. एका दुष्काळी वर्षी त्यांचं काम पाहून बदलीवर निघालेल्या प्रांतसाहेबांनी स्वतःच्या तोंडातला पाईप धुऊन-पुसून त्यांना भेट दिला. तो घेऊन ते घरी आले, तर माझ्या सासूबाई, सिंधुबाई, उंबऱ्यातच उभ्या. “तोंडात धरायचा तर धरा,” त्या म्हणाल्या, “पण काडी लावली त्या दिवशी मी माहेरी.” खंडेरावांनी तडजोड मान्य केली. तेव्हापासून चौतीस वर्षं तो पाईप त्यांच्या तोंडात थंडच राहिला. बांधाचे वाद, वारसनोंदी, गारपिटीचे पंचनामे, सगळं त्यांनी तो रिकामा पाईप चघळत निकाली काढलं.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि आम्ही खंडेरावांना नाशिकला, इंदिरानगरातल्या आमच्या घरी आणलं. येताना त्यांनी दोन बॅगा आणल्या आणि हा पाईप. आता काडी लावायला अडवणारं कुणी नव्हतं. तरी त्यांनी लावली नाही. सकाळी गॅलरीत, दुपारी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, संध्याकाळी परत गॅलरीत, पाईप तोंडात आणि तोंड बंद. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकायचे नाहीत. उज्वलेने, म्हणजे माझ्या बायकोने, परोपरीने सांगून पाहिलं. बागेत ज्येष्ठ नागरिक जमतात, हास्यक्लब आहे. “हसण्यासारखं काही असलं की जाईन,” एवढंच ते म्हणाले.

माझ्याशी तर त्यांचं बोलणं तेवीस वर्षांत शासकीय पातळीच्या खाली कधी उतरलंच नव्हतं. लेकीशी ते अहिराणीत बोलत, हसत, रागावत. मी खोलीत आलो की अहिराणी बंद आणि “आपली प्रकृती ठीक ना?” सुरू. मीही “आपल्या कृपेने” असं काहीतरी बोलून दुसऱ्या खोलीत सटकत असे. आमच्यात वैर नव्हतं. पत्रव्यवहार होता.

मी ठरवलं, अगदी तसाच पाईप शोधून आणायचा.

पहिल्यांदा अर्थातच दुरुस्तीचा प्रयत्न झाला. मी घरीच चिकटवलं. चिकटलं उत्तम, पण पाईपबरोबर माझी दोन बोटंही त्यात गेली. ती सोडवायला उज्वलेने गरम पाण्याचं घमेलं आणलं. बोटं सुटली आणि त्याच पाण्यात पाईपही परत सुटा झाला. मग द्वारका चौकाजवळच्या एका सुताराला दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “कशाला वापरता?” मी म्हटलं, “तोंडात धरायला.” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाईप परत दिला.

मग मी बाजारात उतरलो. पण नाशिकमध्ये “जुना पाईप आहे का?” असं विचारलं की काय होतं ते तुम्ही एकदा करून पाहा. भद्रकालीतल्या पहिल्या जुन्या सामानवाल्याने मान वर न करता विचारलं, “किती इंची?” आणि मी, बावीस वर्षांच्या सवयीने, म्हणालो, “पाऊण.” त्याने पाच मिनिटांत पाऊण इंची लोखंडी पाईपचा सहा फुटी तुकडा माझ्यापुढे आडवा केला. “तसा नाही, तंबाखूचा,” मी म्हणालो. “तंबाखू यातून कसा जाईल?” त्याने विचारलं. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

दुसऱ्याने हुक्का दाखवला. तिसऱ्याने खात्रीने सांगून काळपट पितळेची वाकडी नळी गळ्यात मारली. घरी आल्यावर उज्वलेने ओळखलं की ती जुन्या फवारणी पंपाची तोटी होती. इंटरनेटवरूनही एक मागवला. फोटोत तो अगदी हुबेहूब होता. आला तो बोटाच्या पेराएवढा, वर किल्ल्या अडकवायची कडी. पुढचा रविवार मी पंचवटीत घालवला आणि संध्याकाळी थकून, निदान मातीची तरी असो, म्हणून एक चिलीम घेतली.

घात त्या चिलमीने केला.

जिन्यात वर्तमानपत्राचा कागद फाटला. चिलीम टप-टप करत एकेक पायरी खाली गेली आणि सावित्रीबाईंच्या दारापाशी थांबली. सावित्रीबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बिल्डिंगमध्ये काय घडतं हे त्यांना कळतं आणि त्यांना कळलं की ते घडलेलं असतं. त्यांनी चिलीम दोन बोटांनी उचलली.

“धनराजभाऊ, हे तुमचं?”

“नाही नाही,” मी घाईघाईने म्हणालो, “सासऱ्यांसाठी आणलीय.”

एवढं बोलून मी वर आलो. आपण खरं बोललो याचं मला समाधान होतं. घरी बसल्यावर कळलं की सगळी खरी वाक्यं जिन्यात बोलू नयेत.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे किशोरराव व्यसनमुक्तीची पत्रकं घेऊन आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “तुम्ही स्वतः किती वर्षांपासून?” मी सुपारीसुद्धा खात नाही. लग्नात विडा पुढे केला तरी मी तो रुमालात बांधून घरी आणतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. “सुरुवातीला सगळे नाहीच म्हणतात,” ते म्हणाले.

सावित्रीबाई थेट खंडेरावांकडेच गेल्या. सोबत भाजलेला ओवा होता. “बाबा, तलफ आली की हा चघळायचा. या वयात शोभत नाही हो. लेकीच्या घरी तरी…”

खंडेरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ओव्याची पुडी ठेवून घेतली आणि म्हणाले, “आपली तक्रार लेखी द्या.”

सावित्रीबाई गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी जाऊन उभा राहिलो, अगदी तलाठ्यासारखा.

“जावईबापू, आणलेला मुद्देमाल दाखवा.”

मी चिलीम दाखवली, तोटी दाखवली, किल्ल्यांची कडी दाखवली. त्यांनी प्रत्येक वस्तू उजेडात धरून पाहिली. तोटी तर तोंडाजवळ नेऊन वासही घेतला. “एंडोसल्फान,” त्यांनी फवारणीच्या औषधाचं नाव सांगितलं. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं असं मला वाटलं, पण मिशी दाट होती, शपथेवर सांगता येणार नाही.

“स्थळपाहणी केल्याशिवाय असले निर्णय होत नसतात,” शेवटी ते म्हणाले. “पुढच्या रविवारी मी स्वतः येतो.”

उज्वला स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली तरी ती हलली नाही.

रविवारी आठ वाजता खंडेराव तयार. पांढरा सदरा, काळं जाकीट, डोक्यावर टोपी. आता स्कूटरवर जायचं तर टोपीवर हेल्मेट कसं घालायचं हा प्रश्न आला. टोपी काढायला ते तयार नव्हते आणि हेल्मेट सोडायला मी. शेवटी टोपी तशीच ठेवून वरून हेल्मेट दाबलं. भांडी बाजारात पोचल्यावर हेल्मेट निघालं तेव्हा टोपी पापडासारखी सपाट होऊन कपाळावर आली होती. त्यांनी ती झटकली, दोन बोटांनी धार काढली आणि चालू लागले. मी मागे, दोन हातांत दोन हेल्मेटं घेऊन. एकाने माझ्यासमोर स्कूटर उभी करून पार्किंगची पावती मागितली.

खंडेरावांची शोधायची पद्धत वेगळी होती. दुकानात शिरून ते पाईपचं नावच काढत नसत. “गाव कोणतं?” इथून सुरुवात. माणूस म्हणाला कळवण, की “कळवणात कुठं?” मग तिथला नाला, नाल्यावरचा पूल, पूल वाहून गेला ते साल, आणि त्या साली याच्या आजोबांना मिळालेली विहिरीची मंजुरी. वीस मिनिटांनी दुकानदार स्टूल पुढे करायचा, चहा सांगायचा. चहा संपत आला की खंडेराव सहज म्हणायचे, “एक पाईप पाहतोय. लाकडी वाटी, वाकडी दांडी.” तो नसायचाच. पण दुकानदार अशा चेहऱ्याने ‘नाही’ म्हणायचा की जणू त्याच्याच घरातलं काही हरवलं आहे.

परतताना आम्ही मिसळ खाल्ली. खंडेरावांना तिखट बंद आहे, उज्वलेची सक्त ताकीद. त्यांनी तर्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“याची नोंद कुठे होणार नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही नदीकाठच्या जुन्या बाजारात होतो. तिथे एका पथारीवर पितळी बंब ठेवलेला होता. अंघोळीचं पाणी तापवायचा, जुना, चांगला मांडीएवढा उंच. आम्ही पथारीवाल्याचं गाव विचारण्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात एक बाई गर्दीतून आल्या आणि बंबाला मिठी मारून ओरडल्या, “हा माझा आहे! यावर माझ्या आईचं नाव आहे!”

नाव खरंच होतं. पथारीवाला म्हणाला, मी रीतसर भंगारात विकत घेतलाय. बाई म्हणाल्या, चोर. लोक जमले. जवळच्या चौकीतून हवालदार आले आणि म्हणाले, “पंचनामा करावा लागेल. दोन पंच पाहिजेत, प्रतिष्ठित.” क्षणभरात बाजार मोकळा झाला. इतका वेळ खांद्यावरून डोकावणारी माणसं कुठे गेली, देव जाणे. उरलो आम्ही दोघे. खंडेराव गुडघ्यांमुळे आणि मी हेल्मेटांमुळे.

चौकीत हवालदारांनी कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. खंडेराव शेजारी बसून वाचत होते. दुसऱ्या ओळीला त्यांना राहवलं नाही.

“चतुःसीमा लिहिली नाहीत.”

“बंबाची?” हवालदार म्हणाले.

“घटनास्थळाची. पूर्वेस काय, पश्चिमेस काय. आणि हे ‘बंब मिळून आला’ काय? तो हरवला कुठं होता? ‘दिसून आला’ लिहा.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता आम्ही दोघेही पंचांचे आरोपी होणार. पण हवालदार बागलाणातले, म्हणजे देवळ्याच्या शेजारचेच निघाले. “बाबा, कोणत्या खात्यात होता?” त्यांनी विचारलं, आणि ऐकल्यावर कागद सरळ खंडेरावांपुढे सरकवला. “तुम्ही सांगा, मी लिहितो.”

पुढचा दीड तास मी पाहिला तो माणूस माझ्या गॅलरीत बसणारा नव्हता. त्यांनी बंबाची उंची मोजायला लावली, पोचे मोजायला लावले. बाईंना विचारलं, शेवटचं पाणी कधी तापवलं? घरात कोण कोण असतं? जुनं सामान शेवटचं कधी काढलं? सुनेचं माहेर कुठलं? प्रश्न इतक्या मऊपणे येत होते की तिसऱ्या पानावर बाईंनीच डोळ्यांना पदर लावला. गेल्या महिन्यात घर आवरताना सुनेने भंगारवाल्याला काय काय दिलं ते आपण विचारलंच नव्हतं, त्या म्हणाल्या. सुनेला फोन लावला. तिला वाटलं होतं, गॅस आहे, गिझर आहे, बंब कशाला? नाव तिने वाचलंच नव्हतं. फोनवर ती रडायला लागली, इकडे सासू रडायला लागली, आणि पथारीवाल्याने कुणी काही म्हणायच्या आत बंब उचलून बाईंच्या रिक्षात ठेवला.

खंडेरावांनी शेवटचं वाक्य सांगितलं: “सबब तक्रार राहिली नाही.” आम्ही सह्या केल्या. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन.

बाहेर येऊन चहा घेताना त्यांनी बशी तोंडाजवळ नेली, थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “मजा वनी ना आज, जावईबापू?”

मजा वनी, म्हणजे मजा आली. माझ्याशी अहिराणीत! मी गडबडून “आपल्या कृपेने” म्हणालो. मग स्वतःच हसलो. तेही हसले. चहा सदऱ्यावर सांडला.

चौथा रविवार सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत गेला. पाचव्या रविवारी आम्ही देवळाली कॅम्पला गेलो. तिथे एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात केकीशेठ नावाच्या पारशी गृहस्थांचं दुकान आहे. बंद पडलेली घड्याळं, कर्णे, चिनीमातीच्या बश्या, आणि काचेच्या कपाटात, मखमलीवर, पाईप. काळसर तपकिरी, दांडीला नेमका तेवढाच बाक, वाटीची कड थोडी झिजलेली. मी मोडला त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा.

खंडेरावांनी तो हातात घेतला. रुमालाने पुसला. तोंडात धरला आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा. केकीशेठनेही घड्याळाला किल्ली द्यायची थांबवली.

खंडेरावांनी डोळे उघडले आणि पाईप काचेवर ठेवला. “पसंत नाही.”

“का?” मी जवळजवळ ओरडलोच.

“वजन अंमळ जास्त आहे.”

आता माणसाला स्वाभिमान असतो. पाच रविवार, एक चिलीम, एक तोटी, बिल्डिंगमध्ये गेलेली अब्रू, पोलीस चौकीत सही, आणि वजन अंमळ जास्त! परत येताना नेहमीच्या मिसळीच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली नाही. मागून हळूच आवाज आला, “मागे राहिलं.” “उशीर झालाय,” मी म्हणालो. साडेदहा वाजले होते. घरी पोचेपर्यंत मागून पुन्हा आवाज आला नाही.

ते ‘मागे राहिलं’ मला पुढचे दोन दिवस कारखान्यात ऐकू येत होतं. बुधवारी मी कळवणला जाणारा माल येवल्याच्या गाडीत भरला. तेव्हा वाटलं, पुरे. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सिन्नरहून थेट देवळाली गाठली. वजन जास्त तर जास्त. पाईप विकत घ्यायचा, त्यांच्या उशाशी ठेवायचा, आणि मिसळीबद्दल माफी मागायची.

कपाटातली मखमल रिकामी होती.

“गिऱ्हाईक घेऊन गेलं,” केकीशेठ म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, माझ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “मला खोटं बोलता येत नाही साहेब, माझी बायको पण हेच सांगते. तुमचे सासरेच घेऊन गेले. सोमवारी. एकटे रिक्षाने आले होते.”

एकटे! समोरच्या औषधाच्या दुकानातही न जाणारा माणूस इंदिरानगरहून देवळालीला एकटा आला होता.

“मग माझ्यासमोर नाही का म्हणाले?”

“मी पण विचारला ना त्यांना. ते बोलले, ‘प्रकरण निकाली निघालं की फाईल बंद होते. मला ती इतक्यात बंद करायची नाही.’ आणि बोलले, जावई आला तर सांगा, गिऱ्हाईक घेऊन गेलं.” केकीशेठ थोडे थांबले. “तर साहेब, गिऱ्हाईक घेऊन गेलं. मी बरोबर सांगितलं ना?”

“बरोबर सांगितलं,” मी म्हणालो.

मी बाहेर आलो. समोरच्या चिंचेखाली दोन निवृत्त जवान पत्ते खेळत होते. मी उगाचच त्यांचा एक डाव पूर्ण पाहिला.

घरी आलो तर खंडेराव गॅलरीत. तोंड रिकामं.

“आज लवकर?”

“हो. काम नव्हतं.”

मग त्यांनी घसा साफ केला. “हरसूलला आठवडे बाजार भरतो म्हणतात. डोंगराकडची माणसं घरातल्या जुन्या वस्तू घेऊन येतात, असं ऐकिवात आहे.”

हरसूलच्या बाजारात नागली मिळते, वाल मिळतात, कोंबड्या, विळे, टोपल्या मिळतात. विलायती पाईप मिळण्याचा तिथे काय संबंध, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

“बघायलाच हवं,” मी म्हणालो. “सोडून चालणार नाही.”

बाजाराचा वार कामाचा होता. साहेबांना मी सांगितलं, पंच म्हणून जायचं आहे. एवढा लांब स्कूटर नको, म्हणून आम्ही एसटीने निघालो. त्र्यंबकच्या पुढे घाट लागला तसं खंडेरावांनी खिडकीची जागा मला दिली. “तुम्ही हा भाग पाहिला नसेल,” म्हणाले आणि कुठल्या वळणावर कोणत्या गावची शीव लागते ते सांगत राहिले. आता हेल्मेट नव्हतं, टोपी ताठ होती.

बाजारात आम्ही रीतसर शोध घेतला. विळ्यांच्या दुकानात चौकशी केली. सुक्या मासळीपाशी केली. एका कोंबडीवाल्याने “पाईप नाय, पन गावठी अंडी हायेत,” असा पर्याय दिला. शेवटी आम्ही एका म्हातारीपाशी थांबलो. बांबूच्या टोपल्या मांडून बसली होती. खंडेरावांनी गाव विचारलं, नाव विचारलं. भागीबाई. तिनेही यांचं विचारलं.

“देवळ्याचे? मंग इकडं काय शोधता बाबा?”

खंडेरावांनी हाताने आकार दाखवत सगळं वर्णन केलं. लाकडी वाटी, वाकडी दांडी, कड जरा झिजलेली. भागीबाईने लक्ष देऊन ऐकलं. मग खंडेराव टोपलीची वीण पाहायला वाकले, आणि जाकिटाच्या आतल्या खिशातून पाईप घरंगळला आणि नेमका टोपलीत पडला.

भागीबाईने तो उचलला. वाटी पाहिली, दांडी पाहिली, झिजलेली कड अंगठ्याने चाचपली.

“ह्योच ना?” ती म्हणाली.

खंडेराव वाकलेले तसेच राहिले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. नोकरीभर इतरांचे पंचनामे केलेला माणूस, आणि आता मुद्देमालासह सापडलेला. ते माझ्याकडे पाहीनात. टोपलीकडे पाहत राहिले.

मी भागीबाईच्या हातातून पाईप घेतला. उजेडात धरला. बाक पाहिला, एक डोळा मिटून नळीतून पाहिलं, तळहातावर तोलला. जितका वेळ लावता येईल तितका लावला.

“नाही हो, बाबा,” मी म्हणालो. “हा तो नव्हे. दिसायला सारखा आहे, पण लाकडात फरक आहे.”

खंडेराव हळूहळू ताठ झाले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग पाईप माझ्या हातातून घेतला, स्वतः एकदा निरखला आणि अतिशय गंभीरपणे मान हलवली.

“माझंही तेच मत पडतं,” ते म्हणाले, आणि पाईप परत आतल्या खिशात ठेवला. वरून जाकिटाचं बटण लावलं.

भागीबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. शहरातली माणसं अशीच असतात असं काहीतरी ती पुटपुटली.

“मावशी,” खंडेरावांनी तिला विचारलं, “पेठचा बाजार कोणत्या वारी असतो?”